जॉर्ज शिअरिंग यांच्यावरचा मखमली आरोप

जॉर्ज शिअरिंग या ब्रिटिश पियानोवादकाचे नाव निघाले की जॅझच्या जाणकारांकडून एक ठरलेला अभिप्राय ऐकायला मिळतो: माणूस सुरुवातीला मोठा कलावंत होता, पुढे पैशासाठी गोडगोड वाजवू लागला. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. १९५५ नंतरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची नावे नुसती वाचली, तरी मखमल, साटीन आणि चांदण्यातले प्रणय यांची इतकी रेलचेल दिसते की गंभीर श्रोता दारातूनच परत फिरावा. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या शोधामुळे १९४९ साली शिअरिंग यांचे नाव आधुनिक जॅझमध्ये झाले, त्याच शोधाने त्यांना पुढे ‘ईझी लिसनिंग’ म्हणवल्या जाणाऱ्या सुश्राव्य संगीताच्या दालनात नेऊन बसवले. दोन वेगळे शिअरिंग कधी नव्हतेच.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनच्या बॅटरसी भागात झाला. नऊ भावंडांतले ते सर्वांत धाकटे आणि जन्मतः दृष्टिहीन. वडील कोळसा पोहोचवण्याचे काम करीत. आई दिवसभर मुलांचे करून रात्री रेल्वेचे डबे साफ करायला जाई. ‘लिंडन लॉज’ या अंध मुलांच्या शाळेत त्यांनी चार वर्षे काढली, आणि त्यांच्या संगीतशिक्षणाचा रीतसर भाग जवळजवळ तेवढाच. पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत होत्या, पण घरात पैसा यायला हवा होता, म्हणून त्यांनी लॅम्बेथमधल्या ‘मेसन्स आर्म्स’ या पबमध्ये आठवड्याला २५ शिलिंगांवर पियानो वाजवण्याचे काम पत्करले. पबमधल्या पियानोवादकाला आपली आवड बाजूला ठेवून समोरच्या माणसाला ओळखीची वाटेल अशी धून वाजवावी लागते, आणि ती त्याच्या गप्पांच्या आड येणार नाही अशा बेताने वाजवावी लागते. शिअरिंग यांच्या चरित्राविषयी लिहिणारे हा टप्पा गरिबीची खूण म्हणून उरकून टाकतात. मला मात्र त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची तालीम इथेच झालेली दिसते.

पुढे ते क्लॉड बॅम्प्टन यांच्या अंध वादकांच्या बँडमध्ये दाखल झाले. १९३७च्या सुमाराचा हा बँड. त्यातल्या वादकांना स्वरलिपी ब्रेलमध्ये दिली जाई, आणि ब्रेल वाचायला बोटे लागतात, वाद्य वाजवायलाही बोटेच लागतात, तेव्हा दोन्ही कामे एकाच वेळी होणे शक्य नसते. परिणामी प्रत्येक रचनेतला आपला भाग आधी पूर्ण पाठ करायचा आणि मगच तालमीला बसायचे, अशी पद्धत होती. मोठ्या बँडच्या मांडणीत सॅक्सोफोनची रांग एकत्र कशी हलते, एकाच सुरावटीखाली चार-पाच स्वर कसे लावले जातात, हे ज्ञान कागदावरून न येता अशा पाठांतरातून येत असेल, तर ते अधिक खोल मुरत असणार असा माझा अंदाज आहे. फॅट्स वॉलर आणि टेडी विल्सन या अमेरिकी पियानोवादकांच्या तबकड्या ऐकून जॅझ शिकण्याचा काळही हाच.

लेनर्ड फेदर हे लंडनचेच तरुण समीक्षक. त्यांनी शिअरिंग यांना हेरले, बीबीसीच्या नभोवाणीवर आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत पोहोचवले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली लंडनमध्येच राहिले होते. त्यांच्याबरोबर शिअरिंग वाजवीत. हॅरी पॅरी यांच्या ‘रेडिओ रिदम क्लब’ सेक्स्टेटमधूनही (सहा वादकांच्या संचातूनही) ते घरोघर ऐकू येऊ लागले. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्यांना लागोपाठ सात वेळा देशातील सर्वोत्तम पियानोवादक ठरवले. अवघ्या विशीत ब्रिटनमध्ये जे काही मिळवता येणार होते ते त्यांनी मिळवले होते.

१९४७ साली ते अमेरिकेत स्थायिक व्हायला गेले, आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. ब्रिटनमध्ये त्यांची ख्याती अशी की आर्ट टेटम, विल्सन, वॉलर या अमेरिकी पियानोवादकांच्या शैली ते हुबेहूब वाजवून दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये या ख्यातीचा उपयोग शून्य होता. टेटम स्वतः जिथे वाजवीत होते तिथे त्यांची उत्तम प्रतिकृती कोणाला हवी होती? लंडनचा पहिल्या क्रमांकाचा पियानोवादक न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावरच्या क्लबांत मुख्य कलाकारांच्या मधल्या वेळात वाजवू लागला. पुढे बासवादक ऑस्कर पेटिफोर्ड यांच्या त्रिकुटात एरॉल गार्नर यांची जागा त्यांना मिळाली, आणि मग क्लॅरिनेटवादक बडी डीफ्रँको यांच्याबरोबर त्यांनी एक चौकडी उभी केली. या दोन वर्षांत त्यांनी बीबॉप आत्मसात केले. चार्ली पार्कर आणि बड पॉवेल यांच्या त्या नव्या, वेगवान, अडनिड्या वळणांच्या जॅझमध्ये शिअरिंग पाहुणे राहिले नाहीत, याचा पुरावा त्यांचीच ‘कन्सेप्शन’ ही रचना देते. तिची स्वरसंगती, म्हणजे सुरावटीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, इतकी निसरडी आहे की भले भले वादक तिच्यावर घसरतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी तिचेच थोडे रूप बदलून ‘डिसेप्शन’ ही रचना आपल्या ‘बर्थ ऑफ द कूल’च्या ध्वनिमुद्रणांत घेतली.

आता १९४९. ध्वनिमुद्रणाची संधी आली तेव्हा डीफ्रँको दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होते. क्लॅरिनेटची रिकामी जागा भरण्यासाठी फेदर यांनी, जे तोपर्यंत न्यूयॉर्ककर झाले होते, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य) आणि गिटार ही जोडी सुचवली. अडचणीतून निघालेल्या या तोडग्यातून जॅझच्या इतिहासातला एक सर्वांत ओळखीचा नाद जन्माला आला. पंचकात व्हायब्राफोनवर मार्जरी हायम्स, गिटारवर चक वेन, बासवर जॉन लेव्ही, ड्रमवर डेन्झिल बेस्ट आणि पियानोवर शिअरिंग. बँडमध्ये एक स्त्री, आणि तीही गायिका म्हणून नव्हे तर वादक म्हणून. शिवाय कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय वादक एकत्र. त्या काळच्या अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, अशा मेळाला घेऊन दौरा करणे म्हणजे मुक्कामाच्या हॉटेलापासून अडचणींना सुरुवात. लेव्ही यांनी पुढे बास खाली ठेवून शिअरिंग यांच्या व्यवस्थापनाचे काम हाती घेतले, आणि अमेरिकी संगीतव्यवसायात कृष्णवर्णीय व्यवस्थापकांची वाट ज्यांनी पाडली त्यांत त्यांचे नाव आघाडीवर आहे.

हा नाद नेमका काय होता, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण सगळे प्रकरण तिथेच दडलेले आहे. साधारण पियानोवादक उजव्या हाताने सुरावट वाजवतो आणि डाव्या हाताने तिला आधार देतो; दोन्ही हातांची कामे वेगळी असतात. शिअरिंग यांच्या पद्धतीत दोन्ही हात एकमेकांना बांधल्यासारखे एकत्र हलतात, म्हणूनच तिला ‘लॉक्ड हँड्स’ हे नाव पडले. उजव्या हाताची सर्वांत वरची करंगळी मुख्य सुरावट वाजवते. तिच्याखाली, एका सप्तकाच्या आतच, त्याच हाताचे आणखी तीन स्वर दाटीवाटीने बसतात. डावा हात तीच सुरावट बरोबर एक सप्तक खाली वाजवतो. सुरावटीचा प्रत्येक स्वर अशा रीतीने पाच स्वरांचा गुच्छ होऊन येतो, आणि स्वर बदलला की अख्खा गुच्छ बदलतो. ही पद्धत शिअरिंग यांनी शून्यातून काढलेली नाही. लायनेल हॅम्प्टन यांच्या बँडमधले मिल्ट बकनर ती आधीपासून जोरकसपणे वाजवीत, आणि ग्लेन मिलर यांच्या बँडमधल्या सॅक्सोफोनच्या रांगेचा एकजीव आवाजही शिअरिंग यांच्या कानात होता. त्यांचे स्वतःचे काम इथून पुढे सुरू झाले. पंचकात त्यांनी वरची सुरावट व्हायब्राफोनला दिली, खालच्या सप्तकातली सुरावट गिटारला दिली, आणि पियानो या दोघांच्या मधोमध ठेवला. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश. तिघांचे स्वर इतके अचूक एका क्षणी पडत की कोणते वाद्य कुठे संपते आणि कोणते कुठे सुरू होते हे कानाला कळू नये.

एका सुरावटीचा माग काढत ऐकण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याला या मांडणीतली हुशारी चटकन जाणवते. सुरावट वरही आहे आणि खालीही आहे. ती हरवण्याची सोयच नाही. बीबॉपने जी काही तिखट, नवी स्वरसंगती आणली होती ती या दोन कडांच्या आत, मधल्या तीन स्वरांमध्ये लपलेली असते. नवख्या श्रोत्याला ओळखीचे गाणे स्पष्ट ऐकू येते आणि त्याला वाटते की आपण एक सुरेख, निवांत चाल ऐकत आहोत. जाणकाराला मधल्या स्वरांची ये-जा ऐकू येते आणि त्याला वाटते की हा माणूस प्रत्येक पावलावर काहीतरी अवघड करतो आहे. दोघेही खरेच ऐकत असतात. हॅरी वॉरन यांच्या ‘सप्टेंबर इन द रेन’ या गाण्याची पंचकाने एमजीएम या कंपनीसाठी केलेली तबकडी सुमारे ९ लाख खपली. वाद्यसंगीताच्या जॅझ तबकडीसाठी हा आकडा अफाट होता, आणि तिच्या रसिकांत बीबॉप हा शब्दही न ऐकलेले लोक बहुसंख्य असणार.

त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर यांच्या नावावरून ‘बर्डलँड’ हा क्लब उघडला. त्याचे मालक मॉरिस लेव्ही यांना १९५२मध्ये क्लबमधून होणाऱ्या नभोवाणी कार्यक्रमासाठी एक ओळखधून हवी होती. त्यांनी धाडलेली धून शिअरिंग यांना पसंत पडली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच एक रचून देतो म्हटले, आणि जेवायला बसलेले असताना दहा मिनिटांत ‘ललबाय ऑफ बर्डलँड’ रचली. तिचा स्वरांचा सांगाडा ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ या जुन्या गाण्यावर बेतलेला आहे. बीबॉपच्या वादकांत ही रीत सर्रास होती. प्रकाशनाचे हक्क मॉरिस लेव्ही यांच्याकडे गेले, संगीतकाराचा वाटा शिअरिंग यांच्याकडे राहिला. पुढे जॉर्ज डेव्हिड वाइस यांनी टोपणनावाने तिला शब्द दिले आणि सारा व्हॉन, एला फिट्झजेराल्ड यांनी ती गायली. शिअरिंग मैफलीत गमतीने सांगत की आपल्या नावावर ३०० रचना आहेत, त्यांपैकी २९९ विस्मृतीत गेल्या, आणि उरलेली ही एक. दहा मिनिटांच्या त्या कथेलाही ते पुस्ती जोडत: दहा मिनिटे, आणि त्याआधीची व्यवसायातली सारी वर्षे.

१९५३च्या सुमारास पंचकात लॅटिन अमेरिकी लयीचा शिरकाव झाला. व्हायब्राफोनवर कॅल जेडर आणि बासवर अल मॅककिबन आले, दोघांनाही क्युबाच्या तालांचे वेड. पाठोपाठ कोंगा हा क्युबाचा उभा ढोल वाजवणारे आर्मांदो पेरासा आले आणि बरीच वर्षे राहिले. हा भाग मला पुढच्या, कॅपिटल या ध्वनिमुद्रण कंपनीच्या काळातल्या वायोलिनांपेक्षा कितीतरी जास्त आवडतो, कारण पेरासा यांच्या तालाखाली शिअरिंग यांचे ते घट्ट बांधलेले हात सैल होतात, आडवेतिडवे पडतात. पंचकात येऊन गेलेल्यांची यादीही पाहण्यासारखी आहे: बेल्जियमचे टूट्स थीलमान्स यांनी गिटार आणि हार्मोनिका वाजवली, जो पास काही काळ गिटारवर होते, आणि गॅरी बर्टन जेमतेम विशीत व्हायब्राफोनवर आले. वर्षानुवर्षे तोच तो नाद देणारा बँड म्हणून ज्याला नावे ठेवली गेली, त्याच्या दारातून जॅझचे इतके पुढचे मोठे लोक आत-बाहेर झाले.

१९५५मध्ये त्यांनी कॅपिटल कंपनीशी करार केला. इथून ‘व्हेल्व्हेट कार्पेट’, ‘ब्लॅक साटीन’, ‘व्हाइट साटीन’ अशा ध्वनिमुद्रिकांची रांग लागते. पंचकाभोवती वायोलिनांचा ताफा, कधी ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा ताफा, वेष्टनावर तलम कपड्यांतल्या सुंदरी. लाँग प्ले तबकडी आणि घरगुती स्टिरिओ यांचा तो काळ होता. संध्याकाळी घरात मंद सुरात काही वाजत राहावे अशी मागणी मोठी होती आणि शिअरिंग यांचा नाद तिला आयता जुळला. या ध्वनिमुद्रिकांतल्या बऱ्याच मी एकदा ऐकून बाजूला ठेवल्या आहेत. त्यांतला दोष पियानोत नाही, मांडणीत आहे. पंचकाच्या मूळ नादात सुरावटीच्या दोन कडा व्हायब्राफोन आणि गिटार सांभाळत आणि मधले स्वर मोकळे ऐकू येत. वायोलिनांनी त्या कडांवर जाड थर चढवला, आणि ज्या मधल्या स्वरांत जॅझ होते तेच बुजून गेले. जॅक केरुआक यांच्या १९५७च्या ‘ऑन द रोड’ या कादंबरीत बर्डलँडमधले शिअरिंग जवळजवळ देवपदाला पोहोचवलेले आहेत. तिथेच निवेदक सांगतो की हे त्यांचे १९४९चे थोर दिवस होते, नंतर ते थंड आणि बाजारू झाले. आरोप हा असा इतका जुना आहे.

पण याच कॅपिटलच्या काळात गायकांबरोबरच्या ध्वनिमुद्रिकाही आहेत आणि तिथे हिशेब बदलतो. नॅट किंग कोल यांच्याबरोबर १९६१मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांत राल्फ कारमायकल यांची वायोलिने आहेतच, तरी ‘लेट देअर बी लव्ह’मध्ये पियानो कोल यांच्या शब्दांच्या मधल्या फटींत असा शिरतो की जागा सोडण्याची कला काय असते ते समजावे, हे गाणे १९६२मध्ये ब्रिटनमध्ये चांगलेच गाजले. कोल स्वतः आधी उत्कृष्ट जॅझ पियानोवादक होते, हे लक्षात घेतले तर त्यांनी पियानोची खुर्ची विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिली याचे मोल कळते. पेगी ली यांच्याबरोबरची १९५९ची ‘ब्यूटी अँड द बीट’ ही तर मजेशीर गोष्ट आहे. मायामीतल्या एका संमेलनात श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाल्याचा दावा वेष्टनावर होता. प्रत्यक्षात ती स्टुडिओत तयार झाली होती आणि टाळ्या नंतर जोडल्या होत्या. टाळ्या काढून टाकलेली आवृत्ती पुढे आली आणि ती अधिक चांगली वाटते, हे त्या युक्तीवरचे पुरेसे भाष्य आहे. त्याच सुमारास, १९६१मध्ये, त्यांनी वेस मॉन्टगोमेरी आणि त्यांच्या भावांबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली. वायोलिने नाहीत, घाई नाही, आणि वेस यांच्या गिटारशेजारी शिअरिंग यांचे स्वरगुच्छ पुन्हा स्वच्छ ऐकू येतात.

१९७८मध्ये त्यांनी पंचक मोडले. जवळपास तीन दशके एकच नाद विकला जात होता आणि श्रोते तोच मागत होते. एका शोधाचे एवढे दीर्घकाळ नोकर राहण्याचा कंटाळा आला नसता तरच नवल. त्यानंतर त्यांनी फक्त एक बासवादक सोबत घेतला: आधी ब्रायन टॉर्फ, पुढे डॉन थॉम्पसन, नंतर नील स्वेन्सन. काँकॉर्ड कंपनीसाठी गायक मेल टॉर्मे यांच्याबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी १९८२ची ‘अॅन इव्हनिंग विथ जॉर्ज शिअरिंग अँड मेल टॉर्मे’ आणि १९८३ची ‘टॉप ड्रॉवर’ यांसाठी टॉर्मे यांना ग्रॅमी मिळाले. मायदेशाने १९९६मध्ये ओबीई हा सन्मान आणि २००७मध्ये सर ही पदवी दिली. १९५६ पासून ते अमेरिकी नागरिक होते, आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

टॉर्मे यांच्याबरोबरच्या या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला मूळ प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटते. इथे वरची कड धरायला व्हायब्राफोन नाही, खालची धरायला गिटार नाही. शिअरिंग एका कडव्यात बाखसारखे दोन स्वतंत्र सुरांचे धागे गुंफतात, पुढच्यात डेलियस किंवा देब्युसी या पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांची धूसर स्वरसंगती आणतात, मध्येच जुन्या पबच्या ढंगाने उसळतात, आणि मग दोन-चार मात्रांपुरते ते बांधलेले हात दाखवून लगेच सोडून देतात. टॉर्मेही अवघड सुरावरून सहज चालणारा गायक, त्यामुळे दोघे एकमेकांना सतत कोपऱ्यात गाठतात, आणि सगळे इतके हसतखेळत चालते की त्यातला अवघडपणा दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. हे संगीत सुश्राव्य आहे, अगदी निःशंकपणे आहे, आणि त्याच्या पोटात बीबॉप जसेच्या तसे आहे. ज्यांना शिअरिंग ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी साटीनच्या रांगेकडे न जाता १९४९ची एमजीएमची ध्वनिमुद्रणे, मॉन्टगोमेरी बंधूंबरोबरची ध्वनिमुद्रिका आणि टॉर्मे यांच्याबरोबरची १९८२ची मैफल याच क्रमाने ऐकावी. कॅपिटलची मखमल त्यानंतर ऐकली तर तिच्याखाली दबलेले मधले तीन स्वरही बऱ्याच ठिकाणी ओळखू येतात.